पाच घरांचं पथ्य

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. आळंदच्या बाजारात माझी तुरीची आडत होती. त्या आडतीतल्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात मी बसलो आणि दुसऱ्यात तुरीचं भरलेलं पोतं ठेवलं, तर माझं पारडं जमीन सोडायचं नाही. हमाल पोत्यावर पाण्याची घागर ठेवायचे, तेव्हा कुठं काटा विचारात पडायचा. त्याच काट्यावर पुढं एक दिवस असा आला, की मी बसलो आणि पारडं झोपाळ्यासारखं वर गेलं. हमालांनी मला छपराच्या वाशापासून काठीनं खाली ओढून घेतलं. लोक हे ऐकून हसतात. हसू द्यावं. मधे काय झालं ते ऐकलं, की हसणं आपोआप कमी होतं.

गेल्या नागपंचमीला हीच हकीकत मी शेजारच्या गुरुशांतप्पा मास्तरांना सांगितली. मास्तर सेडमहून बदलून आमच्या शाळेवर हेडमास्तर म्हणून आले, त्याला वर्षही झालं नव्हतं. माणूस सज्जन. फक्त दारातून यायचे तेव्हा पोट आधी यायचं आणि मास्तर मागून. गुलबर्ग्याच्या डॉक्टरनं त्यांना दम भरला होता की साखर वाढली आहे, वजन उतरवा, नाहीतर एक दिवस पायाचं बोट कापावं लागेल. तेव्हापासून मास्तर रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसायचे आणि न खाल्लेल्या पदार्थांची नावं घ्यायचे.

त्या दिवशी माझी धाकटी लेक सावित्री माहेरी आली होती. तिला उमरग्याला दिलेली. आता तिच्याच पोरांना मिसरूड फुटलीय. पंचमी म्हणून तिनं शेंगापोळ्या केल्या होत्या. दाण्याचं कूट आणि गूळ भरलेली, तव्यावर कडक झालेली पोळी, वर तुपाची धार. तिनं रीतीप्रमाणं मास्तरांपुढं ताटली ठेवली.

“बेड, बेड,” मास्तर कानडीतून दचकले. “नको अक्का. डॉक्टरनं समदं बंद केलंय.” आणि त्यांनी ताटली बोटभर दूर सारली. बोटभरच.

“मास्तर,” मी म्हणालो, “तोंड नको म्हणायलंय, पण डोळे घास घ्यायलेत. सावित्री, उचल ती ताटली. आत ने, आणि वरून पातेलं पालथं घाल.”

“अण्णा, एक तुकडा—”

“तुकडा बी न्हाई. पथ्य पाळायचं असंल तर आधी डोळ्याचं पाळा. जे डोळ्यापुढं ऱ्हातं ते कधी ना कधी पोटात जातं. आमची वच्छला, म्हणजे हिची माय, जिवंत व्हती तवा गुळाचा डबा माळ्यावर ठेवायची. मी शिडी लावायचो. मग तिनं शिडी शेजाऱ्याच्या घरी ठेवली. तवा मी शेजाऱ्याशी दोस्ती केली.”

मास्तर खदखदून हसले. सावित्री ताटली आत ठेवून आली, सुपात तुरीची डाळ घेऊन उंबऱ्याशी बसली आणि खडे निवडू लागली. ती हसली नाही. ही गोष्ट तिनं कितीदा तरी ऐकलेली. निदान अर्धी तरी.

“हसायलात,” मी म्हणालो, “पण मी कामून वजन उतरवलं ते ठाव हाय का? साखरेसाठी न्हाई. एका पाटासाठी.”

“पाट? बसायचा पाट?”

“बसायचा पाट. कन्यादानाचा.”

माझी थोरली लेक जगदेवी. तिचं लग्न आमच्या दारातच झालं. कन्यादानाला मी आणि वच्छला पाटावर बसलो. मांडी घातली तसं माझं पोट मांडीवर आलं आणि मांडी पोटाखाली कुठं गेली ते मलाही दिसेना. भटजी सावकाश मंत्र म्हणणारे. विधी झाला, ते म्हणाले, “उठा.” उठतो कोण? कमरेखाली माझं म्हणून काही राहिलंच नव्हतं. वच्छलानं हात दिला, तर तीच खाली आली. मग माझ्या आडतीतले दोन हमाल पुढं झाले. एकानं बगलेत हात घातले, दुसऱ्यानं पाठीला गुडघा लावला. त्यांचा काही दोष नाही, जन्मभर एकच काम केलेलं. दोघांच्या तोंडून सवयीनं एकदमच निघालं, “हय्या! धर पोतं!”

आख्खा मांडव हसला. ताशेवाला वाजवायचा थांबला आणि हसला. नवरदेवानं मुंडावळ्यांआडून हसून घेतलं. जगदेवी तेवढी खाली बघत होती, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या. सासरी गेल्यावर तिला बरीच वर्षं कुणी सून म्हटलं नाही. ‘पोत्याची लेक’ म्हणायचे. पाण्याला निघाली की, “पोत्याची लेक निघाली बघा.” ती माहेरी आली की हे सांगायची नाही. तिच्यासोबत आलेल्या दिरानं सांगितलं, तेही गंमत म्हणून.

“छे छे,” मास्तर हळू आवाजात म्हणाले.

“मग सावित्रीचं ठरलं,” मी म्हणालो.

“अप्पा,” सावित्री सुपातून मान वर न करता म्हणाली, “ते कशाला काढायलात?”

“अगं, मास्तर घरचेच हायेत. तुला तरी कुठं याद असंल. ल्हान व्हतीस.”

“मला समदं याद हाय.”

मी पुढं सांगू लागलो. सावित्रीची सोयरीक उमरग्याच्या घरात ठरली. घर चांगलं. व्याही वारलेले, पण विहीणबाई सोजराबाई घर धरून होत्या. कमी बोलणारी, देवधर्माची बाई. साखरपुडा झाला आणि लग्नाला उन्हाळा धरला. एका दुपारी आडतीतून घरी आलो, तर घरात सामसूम. माळ्यावरचा डबा खाली कोनाड्यात आला होता. मी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा तोंडात टाकला, तेवढ्यात भिंतीपलीकडून स्वैपाकघरातलं बोलणं ऐकू आलं.

“माय, माझ्या कन्यादानाला श्रीपतकाकाला बसव.”

“कामून गं? बाप असताना काका?”

“अप्पाला नगं. जगदेवीअक्काचं झालं तसं माझं नगं.”

श्रीपतराव माझा धाकटा भाऊ, अंगानं छडीसारखा. पोर रागानं बोलत नव्हती, रडतही नव्हती. पाणी भरून ठेव, विस्तव विझव, अशा आवाजात तिनं ते सांगितलं. माझं तोंड गुळानं भरलेलं. गिळवेना आणि थुंकवेना. वच्छला काही उत्तर देईल म्हणून मी वाट बघितली. पलीकडून भांडी विसळायचा आवाज येऊ लागला. मी आलो तसा पावलं न वाजवता परत आडतीत गेलो. एवढ्या देहाचा माणूस पावलं न वाजवता जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तर त्या दिवसापासून मला एकच गोष्ट पाहिजे होती. माझ्या लेकीचा हात मी माझ्या हातानं द्यायचा, आणि कुणी बगलेत हात न घालता पाटावरून उठायचं.

“मग काय केलं?” मास्तर पुढं सरकले.

“आधी येडेपणा केला. सकाळी काही खायचं न्हाई, दुपारी न्हाई. दिवसभर माझ्याएवढा साधू बाजारात न्हाई. आणि सांज झाली की बाबूलालच्या हॉटेलात मिरचीभज्याची परात यायची तवा मी परातीच्या आधी हजर. बाबूलाल म्हणायचा, ‘सेठ, परात तो छोडो, वो पीतल की है.’ मास्तर, उपाशी ऱ्हाऊ नका. उपाशी ठेवलेलं पोट सांजच्याला सावकारासारखं दारात येऊन बसतंय. वेळेवर जेवा, पण आधी ताक प्या, मग पालेभाजी, मेथी, काकडी-कांदा पुढं घ्या, आणि भाकरी शेवटी. ज्वारीची भाकरी चावायला वेळ लागतो, तेवढ्यात पोटाला निरोप पोचतो की जेवण झालं. पोळीचा घास कसा, निरोप पोचायच्या आधीच तिसरी पोळी गेलेली असती.”

“आणि ते वजन? मी रोज बघायलो शाळेच्या काट्यावर.”

“रोज बघू नका. मी बी तसंच करायचो. सकाळी काट्यावर बसायचो, दुपारी बसायचो. सकाळी हलका भरलो की खुशीनं खायचो, दुपारी जड भरलो की दुःखानं खायचो. हप्त्यातून एक वार धरा, बाजाराच्या दिवशी, सकाळीच. मधे काट्याकडं बघू बी नका.”

मास्तरांनी मान डोलावली. ते मनात लिहून घेत होते, हे दिसत होतं. मला जरा चेव आला.

घरी जमेना, तेव्हा माझ्या डोक्यात गाणगापूर आलं. तिथली रीत मास्तरांनाही माहीत होती, पण दुसऱ्या कुणाला नसेल तर सांगतो. दत्तमहाराज रोज दुपारी गाणगापुरात भिक्षेला येतात, कोणत्या रूपात येतील त्याचा नेम नाही, अशी तिथली श्रद्धा. म्हणून दुपारी दारात आलेल्या कुणालाही तिथं विन्मुख लावत नाहीत. आणि नवस बोललेला माणूस, मग तो कितीही मोठा असो, खांद्याला झोळी लावून पाच घरी मधुकरी मागतो. घरटी जे मिळेल ते घ्यायचं, तेवढ्यावर दिवस काढायचा. मी विचार केला, पाच घरं, घरटी भाकरीचा तुकडा, वर चमचाभर भात. माझ्या वजनाचं पथ्य खुद्द देवानं ठरवून ठेवलंय. डॉक्टर कशाला पाहिजे?

घरी खरं सांगितलं नाही. वजनासाठी भीक मागायला जातो, हे वच्छलाला कोणत्या तोंडानं सांगू? तुरीच्या खरेदीला गुलबर्ग्याला जातो, यायला महिनाभर लागेल, असं सांगितलं. तिनं वाटेसाठी धपाटे बांधून दिले. बस आळंदची वेस ओलांडायच्या आत ते संपले.

“पहिल्या दिवशी भीमेत अंघोळीला उतरलो,” मी मास्तरांना म्हणालो. “तर पलीकडच्या काठावर बायका कपडे धुवायल्या व्हत्या, त्यांच्या बादल्या वाहून गेल्या. पाणी एवढं चढलं.”

“अण्णा!”

“विचारा गाणगापुरात. मग झोळी घेतली. पहिलं घर पुजाऱ्याचं. दारात म्हातारी चन्नव्वा बसली व्हती, त्यांच्या घरी भांडी घासायला येणारी. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि आत मालकिणीला आवाज दिला, ‘अक्कावरे, बाहेर या. दत्त आलेत, पण आज दुसरीकडं जेवून आल्यासारखे दिसायलेत!’”

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसलो. त्या दिवशी मात्र हसू आलं नव्हतं. झोळी तशीच धरून मी खाली बघत उभा राहिलो होतो.

पण चन्नव्वा काही म्हणो, पुजाऱ्याची बायको बाहेर आली आणि तिनं मला हात जोडले. देवाचं काय सांगावं, या रूपातही येईल. आणि एवढ्या देहाच्या देवाला तुकडा कसा घालायचा? तिनं दोन भाकऱ्या घातल्या, वर आमटीभाताचा गोळा. पुढं एका धर्मशाळेत पुण्याकडचे यात्रेकरू नैवेद्य वाटत होते, त्यांनी पुरणपोळी घातली. कुणी शिरा, कुणी वरणफळं. पाच घरं झाली तेव्हा झोळी माझ्या पोटाएवढी झाली होती. प्रसाद टाकायचा नसतो. मी टाकला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मनात एक शंका आली. हा पाच घरांचा नेम माणसाला असतो की गल्लीला? कुणी स्पष्ट सांगेना. मी गल्लीला धरला. देवळामागच्या गल्लीत पाच घरं, धर्मशाळेच्या गल्लीत पाच, तळ्याकडच्या गल्लीत पाच. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मी नव्यानं उपाशी व्हायचो.

“मास्तर, हे ध्यानात ठेवा. पथ्य मोडणारा माणूस पथ्य मोडलं असं कधीच म्हणत न्हाई. तो नेमात वाट काढतो. सणाचं मोजायचं न्हाई, उभ्यानं खाल्लेलं मोजायचं न्हाई, लेकरानं टाकलेलं मोजायचं न्हाई. तुम्ही घरी कुणाच्या ताटातलं संपवता?”

“नातवाच्या,” मास्तर खाली बघून म्हणाले. “तो निम्मं टाकतो.”

“गाईला घाला. गाईला साखर न्हाई.”

असे काही दिवस गेले. झोळीचा पट्टा माझ्या खांद्याला रुतू लागला. एका दुपारी मी तळ्याकडच्या गल्लीत होतो. म्हणजे तिसऱ्या गल्लीत. एका लॉजच्या पायरीवर यात्रेला आलेली एक बाई पुरणपोळी वाटत होती. पुढं दोन-चार गोसावी, त्यांच्या मागं मी. माझी पाळी आली, मी झोळीचं तोंड फाकवलं. आत आधीच भाकऱ्यांची चळत होती, ती दिसू नये म्हणून वरचं फडकं ओढून घेतलं. पोळी आत पडली. बाईनं नमस्कारासाठी मान वर केली.

सोजराबाई. माझी होणारी विहीण. मुलाच्या लग्नाआधी दत्ताचा नवस फेडायला आली होती.

तिचा हात तसाच हवेत राहिला. मी फडकं आणखी पुढं ओढलं. बोलायला काय होतं? नवस म्हणावं, तर तोंडावर पुरणाचे कण होते, आधीच्या घराची पोळी मी चालता चालताच खाल्लेली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, झोळीकडं बघितलं, परत तोंडाकडं बघितलं. ती हसली असती तरी मला सोपं गेलं असतं. एखादा टोमणा मारला असता तर दोन दिवस जिव्हारी लागला असता आणि संपला असता. तिनं परातीतून आणखी एक पोळी उचलली, अलगद झोळीत ठेवली, पदर पुढं ओढला आणि हळूच म्हणाली, “जेवा, महाराज.”

आणि मागच्या माणसाला वाढायला वळली.

सावित्रीच्या सुपातला आवाज थांबला होता. हा भाग मी आजवर तिच्यासमोर असा सांगितला नव्हता. सांगताना तिथं पुण्याकडची कुणी अनोळखी बाई घालायचो. त्या दिवशी कसं कोण जाणे, खरं नाव तोंडातून गेलं.

“मग?” मास्तर म्हणाले.

“मग भीमेच्या संगमावर जाऊन बसलो. झोळी गाईंपुढं रिकामी केली. एका गाईनं त्यातली पोळी खाल्ली आणि लगेच दूध सोडलं, गोड, वेलदोड्याच्या वासाचं—”

“अण्णा, ते ऱ्हाऊ द्या,” मास्तर म्हणाले. “खरं काय झालं ते सांगा.”

खरं तेवढंच, की त्या दिवसापासून पाच घरं म्हणजे पाचच घरं. कुणी जास्त घालू लागलं की मी झोळीच्या तोंडावर पंजा ठेवायचो. नुसतं नको म्हटलं की वाढणारा दुप्पट वाढतो, हात आडवा ठेवला की थांबतो. सकाळ-संध्याकाळ संगमापर्यंत चालत जायचं, चालत यायचं. आधी वाटेत सतरा जागी बसायचो, मग बसणं कमी होत गेलं. भूक लागायची, आणि भूक लागली की मला सोजराबाईंचा तो हवेतला हात दिसायचा. चांगलं औषध नाही ते. मास्तरांना मी तसं सांगितलंही. लाजेनं माणूस कमी खातो खरा, पण लाजेनं लपतोही. पुढं वजन उतरलं तरी लाज उतरत नाही.

अंगरखा खांद्यावरून घसरायला लागला. परतलो तेव्हा आडतीच्या काट्यावर बसलो. ते छपराच्या वाशाचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे. मास्तरांनाही त्या दिवशी ते सांगितलं.

घरी आलो. वच्छलानं पाय धुवायला पाणी दिलं. माझ्याकडं बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. ताट मांडलं, एक भाकरी, पालकाची भाजी, आणि पाठ करून बसली. मी दोन घास खाल्ले.

“गुलबर्ग्याला तूर कशी व्हती?” तिनं विचारलं.

“महाग,” मी म्हणालो.

“विहीणबाई येऊन गेल्या. गाणगापुरावरून उमरग्याला जाता जाता उतरल्या व्हत्या.” तिचा आवाज तसाच. “म्हणाल्या, वैनी, राग धरू नका, पण घरात काही भांडण हाय का? व्याही दारोदार हिंडायलेत. घरात वाढायला कुणी न्हाई व्हय? मी काय सांगू त्यान्ला? मी आजवर तुमच्या ताटात कमी वाढलं का हो?”

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

“मला सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर मी बी तुमच्यासंगं निम्मीच भाकरी खाल्ली असती.”

आणि त्या दिवसापासून लग्नापर्यंत ती खरंच माझ्याएवढंच खात गेली. अंगात आधीच काही नव्हतं तिच्या. तिच्या ताटाकडं बघितलं की माझा हात दुसऱ्या भाकरीकडं जात नसे.

“म्हणून सांगतो मास्तर, घरात सांगा. बायकोला सांगा, लेकीला सांगा, सुनेला सांगा. चोरून पथ्य करू नका. चोरून केलेलं पथ्य चोरूनच मोडतं, आणि मोडलं की विचारणारं कुणी नसतं. घरच्या माणसाला एकदा कळलं, की ते तुमच्या ताटात हात घालत न्हाईत, पण बघत्यात. ते बघणं लई कामाचं.”

“सांगतो,” मास्तर म्हणाले. “आजच सांगतो. मी बायकोला म्हणलो व्हतो, डॉक्टर म्हणाला काही न्हाई, नॉर्मल हाय.”

“बघा!”

“पण अण्णा, लग्नाचं काय झालं? पाटावर बसला?”

मी सुपारी कातरत होतो. अडकित्ता बाजूला ठेवला. सावित्री सुपात बोट फिरवत होती, खडा नसलेल्या जागी.

लग्नाआधी मला धास्ती एकच होती. कन्यादानाला समोर सोजराबाई बसणार. पण गोष्ट एवढी पुढं आली होती, मास्तर एवढे आशेनं बघत होते, की मी मागं फिरलो नाही.

“बसलो म्हणजे काय!” मी म्हणालो. “मांडव खच्चून भरलेला. जगदेवीच्या सासरचे मुद्दाम पुढं येऊन बसलेले, पोतं उचलायचं बघायला. भटजी म्हणाले, ‘वधूपिता, या.’ मी गेलो, आणि पाटावर असा टेकलो जसं पाखरू टेकतं. पाट करकरला बी न्हाई. भटजी जरा म्हातारे, नजर अधू, ते परत हाक मारायलेत, ‘वधूपिता कुठं हायेत?’ मी म्हणलं, ‘महाराज, बसलोय की!’ तेवढ्यात मांडवाच्या दारातून वारं आलं, तर वच्छलानं माझ्या उपरण्याचं टोक तिच्या पदराला घट्ट बांधून घेतलं, उडून जाईन म्हणून. लेकीचा हात हातात घेतला, पाणी सोडलं. आणि भटजी ‘उठा’ म्हणाले तसा मी असा उठलो, असा उठलो, की ते हमाल बगलेत हात घालायला आले व्हते ते एकमेकांच्याच बगलेत हात घालून उभे! सोजराबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. मी म्हणलं, फिटलं.”

मास्तरांनी टाळी वाजवली. “अय्यो, अण्णा! मग मी बी उतरवतो. माझ्या बी नातीचं लग्न हाय दोन वर्षांनी. तुम्ही बसला, मी बी बसतो!”

“बसणारच तुम्ही,” मी म्हणालो. “माझ्याच्यानं झालं, तुमच्याच्यानं न्हाई व्हय?”

सावित्रीनं सूप बाजूला ठेवलं.

“खोटं, अप्पा,” ती म्हणाली. “मास्तरान्ला समदं सांगितलंत, हे खोटं सांगू नका. पाटावर श्रीपतकाका व्हते. माझा हात त्यांच्या हातात व्हता, मला कळंना व्हय? तुमचं वजन उतरलं व्हतं, ते खरं हाय. म्हणून तर मीच मायला म्हणलं व्हतं, आता अप्पालाच बसव. पाट तुमच्यासाठीच मांडला व्हता. भटजी हाका मारायले, मुहूर्त चाललाय म्हणून समदे वरडायले, मी वाटेकडं बघायले, आणि तुम्ही माझ्या सासूला तोंड दाखवायच्या लाजेनं आडतीला आतून कडी लावून बसला व्हता.”